तार पाहून कोड निवडा : उद्यमबागेतल्या पॅनेलपासून उसाच्या पाइपलाइनपर्यंत लाइन कोडिंग

लाइन कोडिंग, म्हणजे बिटं तारेवर कोणत्या आकाराच्या सिग्नलने पाठवायची, हा धडा बहुतेक मुलं चौकटीच्या कागदावर शिकतात. वर बिटांची एक ओळ, तिच्याखाली युनिपोलर, पोलर, एएमआय, मँचेस्टर अशा चार-पाच आकृत्या, आणि गुण पदरात. पेपर मच्छेच्या व्हीटीयू विद्यापीठाचा असो की पॉलिटेक्निकचा, आकृती बहुधा बरोबर येते. पुढे बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या फाउंड्रीच्या पॅनेलसमोर उभं राहायची वेळ येते. पीएलसी (यंत्र चालवणारा कंट्रोलर) आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) यांच्यामधल्या दोन तारांवर बिटं चालत नसतात, आणि त्या आकृत्यांपैकी एकही कामाला येत नाही. कारण ‘कोणता कोड कसा दिसतो’ हे पाठ झालेलं असतं, ‘या तारेवर हाच का’ हे कुणी विचारलेलं नसतं.

तारेला विचारायचे प्रश्न मोजके आहेत. पलीकडच्या टोकाला बिटाची वेळ कशी कळणार? वाटेत ट्रान्सफॉर्मर किंवा कपॅसिटर आहे का, म्हणजे डीसी पलीकडे पोचणार का? किती फ्रिक्वेन्सीपर्यंत ही तार साथ देईल? आणि कुणी दोन तारा उलट जोडल्या तर काय होईल? प्रत्येक लाइन कोड यांतल्या एक-दोन प्रश्नांची उत्तरं देतो आणि त्याची किंमत दुसरीकडे वसूल करतो. सगळ्यांची फुकट उत्तरं देणारा कोड अजून कुणाला सापडलेला नाही.

साधा एनआरझेड आणि घड्याळाचा हिशेब

एक म्हणजे एक पातळी, शून्य म्हणजे दुसरी, आणि बिट संपेपर्यंत तीच पातळी. हा एनआरझेड. बँडविड्थच्या बाबतीत काटकसरी: ९६०० बिट प्रति सेकंदाला सर्वांत वेगवान बदल म्हणजे एकाआड एक बिटं, त्याची मूळ फ्रिक्वेन्सी फक्त ४८०० हर्ट्झ. अडचण लागोपाठ सारखी बिटं आल्यावर सुरू होते. भजनात टाळ मध्येच थांबले तर दोन-चार मात्रा सगळे बरोबर म्हणतात, मग एकजण पुढे जातो, एकजण मागे राहतो, रिसीव्हरचंही तसंच. तारेवर बदल दिसत राहिला तरच त्याला आपलं घड्याळ जुळवून घेता येतं.

युआर्टने (बोर्डांच्या साध्या सीरियल पोर्टने) यावर जुना आणि सोपा तोडगा काढला आहे: प्रत्येक अक्षराच्या आधी एक स्टार्ट बिट, शेवटी स्टॉप बिट. आठ डेटा बिटं धरून दहा बिटं होतात. स्टार्ट बिटाच्या उतरत्या कडेला घड्याळ जुळतं, ते स्टॉप बिटाच्या मध्यापर्यंत टिकलं की झालं. म्हणजे साडेनऊ बिटांच्या प्रवासात अर्ध्या बिटापेक्षा कमी चूक. ०.५ भागिले ९.५, म्हणजे सुमारे ५.३ टक्के. रिसीव्हर सोळापट वेगाने नमुने घेतो, त्यामुळे स्टार्ट बिट ओळखण्यातच एका बिटाच्या सोळाव्या हिश्शाची अनिश्चितता जाते. तार लांब असेल तर कडा गोल होतात, तिथेही थोडं जातं. उरतं ते दोन्ही टोकांत वाटून घ्यायचं, म्हणून प्रत्येक टोकाला दोन टक्क्यांच्या आत राहावं.

हा हिशेब कागदी नाही. आर्डुइनो उनोचा १६ मेगाहर्ट्झचा क्लॉक ९६०० बॉडला भागला की ९६१५ येतो, चूक ०.२ टक्के, काही बिघडत नाही. ११५२०० ला मात्र दुप्पट वेगाचा मोड वापरूनही ११७६४७ येतो, म्हणजे २.१ टक्के जास्त. आणि तो मोड बंद असेल तर १,११,१११, म्हणजे साडेतीन टक्के कमी. संगणकाला जोडलं की चालतं, कारण तिथलं घड्याळ अचूक असतं. पण एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला उलट्या दिशेने चुकणारं दुसरं काही असेल तर मधूनमधून कचरा अक्षरं येतात, आणि माणूस वायरिंग तपासत बसतो. क्रिस्टल न लावता उनोवरच्या एटीमेगा चिपच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर काम चालवलं तर कारखान्यातून येतानाच १० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. कॅलिब्रेट केल्याशिवाय त्याच्यावर सीरियल चालवू नये.

दुसरा तोडगा म्हणजे बिट स्टफिंग. कॅन बसमध्ये (गाड्यांमध्ये वापरतात ती) लागोपाठ पाच सारखी बिटं गेली की ट्रान्समीटर एक उलटं बिट घुसवतो, रिसीव्हर ते काढून टाकतो. यूएसबीत सहा एकांनंतर एक शून्य घुसवतात, कारण तिथे एनआरझेडआय वापरतात: शून्याला बदल, एकाला बदल नाही. पुस्तकात बहुधा याच्या उलट, एकाला बदल, असं दिलेलं असतं. दोन्ही एनआरझेडआयच. पेपरात पुस्तकाप्रमाणे काढा, लॉजिक अॅनालायझरवर यूएसबी बघताना उलटं वाचा.

आरएस-४८५ : कोड तोच, भांडण तारेचं

उद्यमबाग आणि मच्छेच्या वर्कशॉपांत सर्वांत जास्त दिसते ती मॉडबस आरटीयू ही उपकरणांच्या संवादाची पद्धत, आरएस-४८५ या दोन तारांच्या जोडणीवर. तिथेही तारेवर युआर्टचाच एनआरझेड असतो, फक्त दोन तारांमधल्या फरकाच्या रूपात. फरक २०० मिलिव्होल्टच्या वर गेला की एक, उणे २०० च्या खाली गेला की शून्य. मधल्या पट्ट्यात रिसीव्हर काय सांगेल याची हमी नाही. बरेचसे ‘अधूनमधून बंद पडतं’ प्रकार याच मधल्या पट्ट्यातले.

बसवर कुणीच बोलत नसताना सगळे ड्रायव्हर सुटे होतात आणि दोन्ही टोकांचे १२० ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर दोन तारांना एकत्र ओढतात. फरक शून्य. रिसीव्हर मग नॉइजलाच स्टार्ट बिट समजतो. मॉडबसमध्ये फ्रेमच्या (एका अख्ख्या संदेशाच्या) आधी साडेतीन अक्षरांची शांतता लागते. ९६०० ला अकरा बिटांचं अक्षर धरून ती ४ मिलिसेकंद होते. त्या शांततेत एक भुताचं अक्षर आलं की पुढची अख्खी फ्रेम सीआरसीत, म्हणजे चूक पकडणाऱ्या तपासणीत, नापास. उपाय बायस रेझिस्टरचा: एक तार ५ व्होल्टकडे, दुसरी ग्राउंडकडे, सारख्या किमतीने ओढायची. किंमत काढता येते. दोन टर्मिनेशन मिळून ६० ओहम, आणि त्यांच्यावर किमान ०.२ व्होल्ट हवेत. ६८० ओहमचे दोन लावले तर ५ गुणिले ६० भागिले १४२०, म्हणजे २११ मिलिव्होल्ट, जेमतेम. ५६० लावले तर २५४. ५६० लावावेत. बायस बसवर एकाच ठिकाणी, बहुधा मास्टरजवळ; प्रत्येक बोर्डावर लावला तर ड्रायव्हरवर फुकटचं ओझं पडतं. स्वस्त मॉड्यूलवर टर्मिनेशन आणि बायस आधीच सोल्डर केलेले असतात. असे आठ बोर्ड एका बसवर टाकले की आठ गुणिले १२० ओहम समांतर, म्हणजे १५ ओहम. मग सिग्नल उरतो कुठे? मधल्या बोर्डांवरचे काढून टाका, पॉवर बंद करून मीटरने दोन तारांमध्ये मोजा. साठच्या आसपास दिसलं पाहिजे.

ए आणि बी या खुणा सगळ्या कंपन्या एकाच अर्थाने वापरत नाहीत. उलट जोडलं तर काही जळत नाही. सगळी बिटं उलटतात आणि शांत बस अखंड स्टार्ट बिटासारखी दिसते. एनआरझेडमध्ये पातळी हाच अर्थ असल्यामुळे उलट्या तारा त्याला ओळखता येत नाहीत. म्हणून उत्तरच येत नसेल तर सर्वांत आधी दोन तारा बदलून पाहणं हा अडाणीपणा नाही, स्वस्तातली चाचणी आहे.

व्हीएफडीच्या पॅनेलमध्ये तिसरी तार विसरतात. ‘डिफरन्शियल आहे, ग्राउंड कशाला’ हा लाडका गैरसमज. आरएस-४८५ चा रिसीव्हर आपल्या ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढंच सहन करतो. इंडक्शन फर्नेस आणि ड्राइव्ह एकाच शेडमध्ये असतील तर दोन पॅनेलांच्या ग्राउंडमध्ये त्याहून जास्त फरक क्षणभर सहज येतो. कॉमनची तिसरी तार टाका, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, मोटरच्या केबलपासून किमान फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. तरीही आयसी उडत असतील तर आयसोलेटेड ट्रान्सीव्हर घ्यावा. इथे साधा ट्रान्सफॉर्मर का टाकता येत नाही, हा प्रश्न आपल्याला पुढच्या कोडकडे नेतो.

मँचेस्टर : प्रत्येक बिटाच्या मध्यात एक कड

ट्रान्सफॉर्मरमधून डीसी जात नाही. एनआरझेडमध्ये एकाच बाजूची बिटं जास्त झाली की सरासरी एका बाजूला सरकते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे ती सरासरी शून्यावर ओढली जाते. सपाट पातळी हळूहळू मध्याकडे घसरते, आणि पुढचं बिट चुकीच्या बाजूला वाचलं जातं.

मँचेस्टर कोडमध्ये प्रत्येक बिटाचा अर्धा भाग वर आणि अर्धा खाली. सरासरी प्रत्येक बिटातच शून्य. मध्यात हमखास कड, म्हणजे घड्याळही सोबतच आलं. १९४९ च्या सुमारास मँचेस्टर विद्यापीठातल्या मार्क १ संगणकाच्या चुंबकीय ड्रमवर हा कोड वापरला गेला, नाव तिथूनच. किंमत बँडविड्थची: सारखी बिटं आली की तारेवर बिट-रेटएवढ्या फ्रिक्वेन्सीचा चौकोनी सिग्नल, एनआरझेडच्या दुप्पट. जुन्या १० मेगाबिट इथरनेटवर सारख्या बिटांना १० मेगाहर्ट्झ आणि एकाआड एक बिटांना ५ मेगाहर्ट्झ दिसायचे, ते यामुळेच.

आकृती काढताना कुठली दिशा एकाची? इथरनेटच्या मानकात खालून वर जाणारी कड म्हणजे एक. जी. ई. थॉमस यांच्या पद्धतीत नेमकं उलट. दोन्ही पुस्तकांत सापडतात, दोन्ही बरोबर. उत्तरपत्रिकेत वर एका ओळीत आपण कोणती धरली ते लिहावं, वाद मिटतो.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची कमी नाही, आणि जिथे प्रोफिबस पीए (मोजमापाची उपकरणं जोडणारी दोन तारांची बस) बसवलेलं आहे तिथे मँचेस्टर रोज कामावर असतो. ३१.२५ किलोबिट प्रति सेकंद, आणि त्याच दोन तारांवरून ट्रान्समीटरला वीजही. प्रत्येक उपकरण किमान १० मिलिअँपचा स्थिर करंट घेतं आणि त्याच्यावर अधिक-उणे ९ मिलिअँप खालीवर करून बिटं पाठवतं. सिग्नलची सरासरी शून्य म्हणून वीज आणि माहिती एकमेकांच्या पायात येत नाहीत. एनआरझेडने हे जमलं नसतं. त्याच कारखान्यातलं प्रोफिबस डीपी मात्र आरएस-४८५ वरचं एनआरझेड असतं, वेग १२ मेगाबिटपर्यंत. दोन्हींचं नाव एक म्हणून केबल परस्पर जोडायची नसते, मध्ये कपलर लागतो.

एएमआय आणि एचडीबी-३, परीक्षेतला चकवा

बँडविड्थ दुप्पट न करता डीसी घालवायचा असेल तर एएमआय: शून्याला शून्य व्होल्ट, एकाला आळीपाळीने अधिक आणि उणे पल्स. सरासरी आपोआप जुळते, आणि लागोपाठ दोन पल्स एकाच बाजूच्या आल्या तर कुठेतरी चूक झाली हे लगेच कळतं. पण लांब शून्यांत पुन्हा टाळ बंद. भारतात टेलिफोनच्या ई-१ लाइनवर, २.०४८ मेगाबिटला, म्हणूनच एचडीबी-३ वापरतात: लागोपाठ चार शून्यं आली की त्यांच्या जागी मुद्दाम नियम मोडणारी पल्स, म्हणजे व्हायोलेशन, घालायची.

नियम असा. मागच्या व्हायोलेशननंतर आलेल्या पल्स मोजा. संख्या विषम असेल तर ०००व्ही, सम असेल तर बी००व्ही. बी म्हणजे नियमाप्रमाणे आलेली पल्स, व्ही म्हणजे शेवटच्या पल्सच्याच बाजूची. समजा याआधीची पल्स उणे होती आणि तीच व्हायोलेशन होती. डेटा: १ ०००० १ १ ०००० १.

पहिला एक: अधिक. मोजणी एक, विषम, म्हणून चार शून्यांच्या जागी ० ० ० अधिक. मोजणी पुन्हा शून्यावर. पुढचे दोन एक: उणे, अधिक. मोजणी दोन, सम, म्हणून बी००व्ही: बी उणे, मग दोन शून्यं, व्ही उणे. शेवटचा एक: अधिक. तारेवर गेलं ते असं:

+ ० ० ० + − + − ० ० − +

पडताळा एकच पुरतो: व्हायोलेशनच्या खुणा आळीपाळीने याव्यात. इथे आधी उणे, मग अधिक, मग उणे. जमलं. ज्यांचं चुकतं ते बहुधा मागच्या व्हीलाही मोजणीत धरतात. ती धरायची नाही.

प्रत्यक्ष लाइनवर एक टोक एएमआयला आणि दुसरं एचडीबी-३ ला ठेवलं गेलं तर गंमत होते. लिंकचा दिवा हिरवा राहू शकतो, आवाजही बराचसा चालतो, कारण ए-लॉमध्ये बिटं मुद्दाम एकाआड उलटवलेली असतात आणि शांत चॅनेलवर चार शून्यं सहसा येतच नाहीत. डेटा टाकला की चुका सुरू. कोड व्हायोलेशनचा काउंटर सतत वाढत असेल तर केबल बदलण्याआधी दोन्ही टोकांचं सेटिंग पाहावं. ७५ ओहमच्या कोॲक्सवर पल्स २.३७ व्होल्टची आणि १२० ओहमच्या जोडीवर ३ व्होल्टची असते. मध्ये बॅलन (दोन्हींना जुळवणारा ट्रान्सफॉर्मर) नसताना दोन्ही जोडलेली आढळली तर ते आधी सुधारा.

शंभर मेगाबिट : तीन पातळ्या आणि फुटकी जोडी

१०० मेगाबिटला मँचेस्टर लावला असता तर साध्या ट्विस्टेड पेअरवर १०० मेगाहर्ट्झ घालावे लागले असते, आणि तार अँटेनासारखी वागली असती. म्हणून दोन पायऱ्या केल्या. आधी ४बी/५बी: चार बिटांच्या जागी ठरावीक पाच, ज्यांत शून्यांची लांब रांग होत नाही. वेग १२५ मेगाबॉड झाला. मग बिटं ठरावीक पद्धतीने विस्कटणारा स्क्रॅम्बलर, आणि शेवटी एमएलटी-३: एक आला की पुढच्या पातळीवर जा, शून्य आलं की थांब. पातळ्यांचा क्रम शून्य, अधिक, शून्य, उणे. एक पूर्ण फेरा व्हायला चार बदल लागतात, म्हणून जास्तीत जास्त मूळ फ्रिक्वेन्सी १२५ भागिले ४, म्हणजे ३१.२५ मेगाहर्ट्झ.

सीसीटीव्हीची केबल टाकणाऱ्यांसाठी यातली कामाची गोष्ट: डेटा १-२ आणि ३-६ या पिनांवरून जातो. कुणी रंगांकडे न बघता ३-४ ला एक जोडी लावली तर सहा नंबरची तार दुसऱ्याच जोडीतून येते. साध्या दिव्यांच्या टेस्टरवर सगळं ठीक दिसतं, कारण तो फक्त तार सलग आहे का एवढंच बघतो. दहा मेगाबिटला, कमी अंतरावर, चालूनही जातं. शंभरला पॅकेट गळतात, कारण पिळाचा फायदाच उरत नाही. निपाणी-चिकोडीकडच्या कितीतरी दुकानांत ‘कॅमेरा अडकतो’ या तक्रारीखाली ही फुटकी जोडी लपलेली असते. टेस्टर खिशात ठेवा, क्रिंप केलेल्या प्लगचे रंग डोळ्यांनी वाचा.

पाइपलाइनीशेजारची जोडी : मँचेस्टर स्वतः बांधायचा

आता करून पाहण्यासारखं. घटप्रभा, वेदगंगा किंवा कृष्णेच्या काठी जॅकवेल, आणि वर चारशे मीटरवर रानात टाकी. टाकी भरली की मोटर थांबावी. फक्त लांबून चालू-बंद करायचं असेल तर बाजारातला मोबाइल स्टार्टर घ्यावा, पुढचं वाचायचीही गरज नाही. रेंज नाही, किंवा पाण्याची पातळी सतत कळायला हवी, आणि पाइपबरोबर टेलिफोनची जोडी टाकता येते, तर १२०० बिट प्रति सेकंदाचा मँचेस्टर ट्रान्सफॉर्मरमधून पाठवणं हा उत्तम मार्ग आहे. दोन्ही टोकांचे अर्थ एकमेकांना जोडावे लागत नाहीत.

ट्रान्सफॉर्मर ६०० ओहम ते ६०० ओहमचा, जुन्या डायल-अप मोडेममध्ये असायचा तो. त्याचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ. १२०० बिटांच्या मँचेस्टरची मूळ फ्रिक्वेन्सी ६०० ते १२०० हर्ट्झ, बरोबर मध्ये बसते. मेलेल्या राउटरमधला लॅन ट्रान्सफॉर्मर इथे चालणार नाही: त्याचं इंडक्टन्स ३५० मायक्रोहेन्रीच्या आसपास, ५० ओहमवर वेळ-स्थिरांक ७ मायक्रोसेकंद, आणि आपलं अर्धं बिट ४१७ मायक्रोसेकंदांचं. पलीकडे फक्त कडांचे काटे दिसतील. उलट याच मोडेम ट्रान्सफॉर्मरवर एनआरझेड का नाही, तेही बघा. इंडक्टन्स एक हेन्री आणि दोन्ही बाजूंचा मिळून ३०० ओहम धरला तर वेळ-स्थिरांक ३.३ मिलिसेकंद. युआर्टने शून्य हा बाइट पाठवला तर स्टार्ट धरून नऊ बिटं खाली, १२०० ला ७.५ मिलिसेकंद. तोवर सिग्नलचा दहावा हिस्सा उरतो. मँचेस्टरमध्ये सपाट भाग कधीच ८३३ मायक्रोसेकंदांहून लांब नसतो.

पाठवणारं टोक: उनोच्या ८ आणि ९ नंबरच्या पिना, प्रत्येकीला ३३० ओहम, आणि दोन्हींच्या मध्ये प्रायमरी. एक वर तेव्हा दुसरी खाली. काम नसताना दोन्ही खाली, म्हणजे कोअरमधून डीसी वाहत नाही. हे विसरून एक पिन वर सोडली तर कोअर एका बाजूला भरून बसतो आणि पुढच्या फ्रेमची सुरुवात वाकडी होते. ६०० ओहमच्या लोडवर करंट ४ मिलिअँप, पिनांना सोसणारा. प्रायमरीवर सुमारे २.४ व्होल्ट. अर्ध्या बिटाची वेळ टायमर १ वरून घ्या: ८ चा प्रीस्केलर, ओसीआर१ए मध्ये ८३२, म्हणजे ४१६.५ मायक्रोसेकंद. दोन्ही पिना पोर्ट बीवर शेजारी आहेत, एकाच लिखाणात बदला. डिलेच्या लूपने वेळ पाळायला गेलं तर फंक्शन-कॉलची वेळ वाढत जाते आणि दोन अर्धी बिटं असमान होतात.

घेणारं टोक: सेकंडरीवर ६०० ओहम (५६० चालतो). सेकंडरीचं एक टोक १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी बनवलेल्या २.५ व्होल्टच्या मध्यबिंदूला, त्या बिंदूवर १० मायक्रोफॅरड. तोच बिंदू एलएम३९३ या कंपॅरेटरच्या उणे इनपुटला. सेकंडरीचं दुसरं टोक १० किलोओहममधून अधिक इनपुटला. आउटपुटवर ४.७ किलोओहम पुलअप, आणि आउटपुटवरून अधिक इनपुटकडे ४७० किलोओहम. हा शेवटचा सुमारे १०० मिलिव्होल्टची हिस्टेरेसिस देतो, म्हणजे शांत तारेवर कंपॅरेटर फडफडत नाही. आउटपुट उनोच्या २ नंबर पिनेवर, दोन्ही कडांना इंटरप्ट.

डीकोड करताना पातळी वाचायची नाही, दोन कडांमधलं अंतर मोजायचं. २५० ते ६२५ मायक्रोसेकंद म्हणजे आखूड, ६२५ ते १०४० म्हणजे लांब, बाकी सगळं कचरा, फ्रेम सोडा. लांब अंतर फक्त एका बिटाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत असू शकतं, म्हणून पहिलं लांब अंतर दिसलं की आपण कुठे आहोत ते पक्कं. तिथून पुढे: लांब आलं तर नवं बिट मागच्याच्या उलट, दोन आखूड आली तर मागच्यासारखंच, एक आखूड आणि लगेच लांब आलं तर चूक. यातून प्रिअँबल (फ्रेमच्या सुरुवातीची जुळवणीची बिटं) कसला असावा तेही ठरतं. सगळे एक पाठवले तर तारेवर नुसती आखूड अंतरं, आणि ते सगळे शून्य अर्धं बिट सरकवल्यासारखंच दिसतं. रिसीव्हरला फरक कळायला मार्ग नाही. म्हणून एकाआड एक बिटांचे दोन बाइट, मग सिंकचे दोन बाइट, हेक्समध्ये २डीडी४. जोडीच्या तारा वाटेत कुणी उलट जोडल्या असतील तर हेच डी२२बी म्हणून येईल. ते ओळखा आणि पुढची सगळी बिटं उलटवा. रानात चार ठिकाणी सांधे असतात, हा चार ओळींचा कोड एक हेलपाटा वाचवतो. पुढे पत्ता, संदेश आणि सीआरसी, एकेक बाइट. एकूण ५६ बिटं, ४७ मिलिसेकंदांत निघून जातात.

बिघाड कसे दिसतात ते माहीत असलं की शोध सोपा होतो. आखूड अंतरं आळीपाळीने ३५० आणि ४८० अशी आली तर कंपॅरेटरचा उंबरठा मध्यावर नाही. मध्यबिंदूचे दोन रेझिस्टर आणि तो कपॅसिटर तपासा. मधूनच एखादी कड गायब होत असेल तर प्रोग्राममध्ये सॉफ्टवेअर सीरियल आहे का ते पाहा. ९६०० ला ती एका अक्षरासाठी सुमारे एक मिलिसेकंद इंटरप्ट बंद ठेवते, तेवढ्यात दोन-तीन कडा निसटतात. मोटर सुरू होतानाच फ्रेम जात असतील तर जोडी मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपात आहे. पावसाळ्यात सिग्नल मंदावला तर सांध्यात पाणी. दोन्ही टोकांची इलेक्ट्रॉनिक्स सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने तार ते अर्थ मोजा. ०.५ मिलिमीटरच्या तांब्याचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला साधारण १७५ ओहम, म्हणजे चारशे मीटरला ७०. पलीकडचं टोक शॉर्ट करून मोजलं आणि याच्या दुप्पट आलं तर सांधा गंजला आहे.

वळवाच्या दिवसांत खानापूर-हुक्केरी पट्ट्यात विजा चुकत नाहीत. दोन्ही टोकांना तारेच्या बाजूने प्रत्येक तारेत १० ओहम, त्याआधी टेलिफोनला लावतात तो तीन पायांचा २३० व्होल्टचा जीडीटी (वायू भरलेली सर्ज-नळी), मधला पाय त्या टोकाच्या अर्थला. उपकरणाच्या बाजूला सेकंडरीवर ५.१ व्होल्टचे दोन झेनर पाठीला पाठ लावून. जवळच वीज पडली तर यातलं काहीच वाचणार नाही, पण दूरच्या कडकडाटात बोर्ड टिकतात.

मोटर थांबवायचं काम ‘टाकी भरली’ या एका संदेशावर सोडू नका. टाकीने दर पाच सेकंदांनी पातळी पाठवावी, आणि पंपाकडच्या बोर्डाने पंधरा सेकंद एकही शुद्ध फ्रेम आली नाही तर रिले सोडावा. रिलेचा संपर्क स्टार्टरच्या होल्डिंग कॉइलच्या सिरीजमध्ये, नॉर्मली ओपन. तार तुटली, टाकीकडची बॅटरी उतरली, बोर्ड अडकला, काहीही झालं तरी मोटर बंदच पडते. बसवून झाल्यावर टाकीकडची एक तार काढून घड्याळ लावून बघा. पंधरा सेकंदांनंतर कॉन्टॅक्टर सुटला नाही तर वॉचडॉग (तो पंधरा सेकंदांचा टायमर) लूपमध्ये चुकीच्या जागी रिसेट होतोय. तो फक्त सीआरसी जुळल्यावरच रिसेट व्हायला हवा.